पिवळी चिठ्ठी

आमच्या शितोळेकाकांना डब्यात काही पाठवलं, तर डबा नुसता परत येत नाही. त्याच्या कडीला दोऱ्याने बांधलेली एक पिवळी चिठ्ठी येते. 'मीठ कमी. चव ठीक. दुरुस्तीस पात्र.' खाली तारीख आणि सही.

काका भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. तिथे पास झालेल्या मालाला हिरवी चिठ्ठी, दुरुस्तीच्या मालाला पिवळी आणि बाद मालाला लाल. काका निवृत्त होऊन कोथरूडला आमच्या सोसायटीत राहायला आले, चिठ्ठ्या मात्र निवृत्त झाल्या नाहीत. लिफ्टच्या दाराला लाल चिठ्ठी लागली ती त्यांचीच. गणपतीत सेक्रेटरींनी भाषण केलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला पिवळी: 'लांबी जास्त.' मंडईत काका फ्लॉवरचा गड्डा डोळ्यांसमोर धरून असा काही फिरवतात, की भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "काका, भाजी न्यायचीय का पास करायचीय?"

"दोन्ही," काका म्हणाले.

खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. माझ्या पुरणपोळीला सलग तीन वर्षं 'कडा कोरड्या' असा शेरा मिळालाय. बरं, डबा मात्र दर वेळी चाटूनपुसून साफ.

मग हिंजवडीच्या कंपनीने सतरा वर्षांनंतर एका मंगळवारी मला घरी बसवलं. पंचेचाळिसाव्या वर्षी नव्याने नोकरी शोधायची म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या एका मुलीने सांगितलं, मॅम, आधी स्वतःचे गुण-दोष लिहून काढा. वही घेऊन मी खाली बाकावर बसले. गुण पटापट सुचले. दोष म्हणून लिहिलं, 'मी फार परफेक्शनिस्ट आहे.'

मागून हात आला आणि वहीवर पिवळी चिठ्ठी पडली.

"ह्यो दोष नाय ताई. दोषांच्या रांगेत गुण घुसवलाय तुम्ही."

"मग काय लिहू, काका?"

"तुम्ही लिवूच नका. ज्यानं बनवलं त्यानं तपासायचं नाय, हा पहिला नियम हाय. दुसऱ्याचे डोळे लावा."

मी मनात म्हटलं, आले मोठे शिकवायला. पण करते काय? आधी नवऱ्याला विचारलं. त्याने पेपरात डोकं घातलं. वीस वर्षांचा संसार आहे, माणूस शहाणा झालाय. मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुनीताला विचारलं. ती भांडी घासता घासता म्हणाली, "ताई, तुम्ही काम सांगता आणि मी हात लावायच्या आत स्वतःच करून टाकता. आणि मग दमले म्हणून चिडता."

झोंबलं. कारण सतरा वर्षं हाताखालच्या मुलांशी मी हेच केलं होतं.

"आणि गुण काय गं?"

"चुकलं तर तोंडावर सांगता. मागं बोलत नाही."

बाणेरच्या एका लहानशा कंपनीत मी हे दोन्ही जसंच्या तसं सांगितलं. आठवड्याभरात नोकरी लागली.

पेढे घेऊन मी काकांकडे गेले. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून मी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. डबा दारातून द्यायचा, दारातून घ्यायचा. आत टेबलावर एक अर्ज पडला होता. एका प्रशिक्षण केंद्राला मुलांना मशीनवरचं काम शिकवायला अर्धवेळ माणूस हवा होता. नाव, वय, अनुभव सगळं मोत्यासारख्या अक्षरात भरलेलं. शेवटचं पान कोरं. वर छापलं होतं, 'स्वतःचे गुण व दोष लिहा.' अर्ज दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

"काका, हे पान राहिलंय."

"राहू द्या. माझं मी कसं तपासणार? आणि तपासणारी तर गेली."

त्यांनी बेसिनवरच्या आरशाकडे बोट केलं. आरशाच्या चारी कडांना चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, आणि अक्षर काकूंचं होतं. 'आवाज कमी करावा.' 'जेवताना दोन शब्द बोलावेत.' 'मुलाला फोन आपण होऊन करावा.' सगळ्या पिवळ्या.

"चाळीस वर्षांत एक हिरवी दिली नाय तिनं," काका म्हणाले. "मी म्हणायचो, एकदा तरी पास कर की. तर म्हणायची, हिरवी लागली की माल गेटाबाहेर जातो. मला घरातच ठेवायचाय."

पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातातच राहिला.

"आता कुणी काय म्हणतच नाय ओ, ताई. सकाळपास्नं संध्याकाळपर्यंत एक चूक कुणी काढत नाय. म्हटलं, चार पोरांत जाऊन बसावं. ती तरी हसतील, नावं ठेवतील."

मला रडू आलं. लपवलं नाही. खुर्ची ओढली आणि पेन घेतलं. दोष आधी लिहिले. न विचारता मत देतात. कौतुक तोंडातून निघत नाही. दुसऱ्यांचे डबे तपासतात, पण स्वतः जेवले की नाही हे कुणाला कळू देत नाहीत. मग गुण लिहिला, एकच. ज्याला चिठ्ठी लावतात, त्याचा माल सुधारेपर्यंत त्याला सोडत नाहीत.

काकांनी वाचलं. "दोष बरोबर हायत," म्हणाले. गुणाच्या ओळीशी आले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

निघताना मी त्यांच्या गठ्ठ्यातली एक पिवळी चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, 'रविवारी आमच्याकडे जेवायला यावं. मिठाचं तोंडावर सांगावं.'

काकांनी ती दोनदा वाचली, उलटी करून पाहिली आणि परत माझ्यापुढे धरली.

"तपासणाऱ्याची सही राहिली."

मी सही केली. मग काका उठले आणि आरशावर, काकूंच्या शेवटच्या चिठ्ठीखाली, जागा करू लागले.