मारुतीला पाठ दाखवणारे तात्या

देवाकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? नास्तिक? आमच्या देवळाली प्रवरात रंभाजीतात्यांना सगळे तेच म्हणायचे. मी, गावात पत्रकं वाटणारा लाल बावट्यावाला, कॉम्रेड म्हणायचो. चुकलो आम्ही सगळेच.

दर शनिवारी दुपारी, देऊळ रिकामं असताना, तात्या मारुतीपुढे जात, पाठ फिरवत आणि सदरा वर करून उभे राहत. फळीवरून ट्रकमध्ये उसाच्या मोळ्या चढवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं आणि पाठीचा मणकाही. गुरव चिडून म्हणाला, "तात्या, देवाला तोंड दाखवत्यात."

"तोंडाला काय झालंय माज्या? दुखतंय तिथं दाखवतो."

मला हे बंड वाटलं. मी त्यांच्यावर 'पाठ फिरवा' असं पत्रक काढलं. तात्यांनी ते सावकाश वाचलं, घडी घातली आणि मणक्यासाठी कमरेला बांधलेल्या पट्ट्याखाली सरकवलं. "पट्टा लई काचत हुता. बेस झालं."

मग आवाज बारीक करून म्हणाले, "डॉक्टर फिलम उजेडाला धरून बघत्यात. पाठ कुनी बघत न्हाई. देवळात हात ठेवतंय कुनीतरी."

"कोण?"

"वळून बघायची टाप न्हाई माजी. गार हात हाय. देव हाय का न्हाई ते तुमी ठरवा, पत्रकवाले. हात हाय."

ही भोंदूगिरी उघडी पाडायला मी पुढच्या शनिवारी खांबाआड बसलो. "जरा खाली," तात्या पुटपुटले. "डावीकडं. हां." त्यांच्या सुरकुतल्या कातडीवर पाच खळगे उमटले. बोटांनी दाबावेत तसे. मी घरी येऊन स्नायूंच्या आकडीवर दोन पानी टिपण लिहिलं. वाचलं आणि फाडलं.

दिवाळीनंतर तो हात यायचा थांबला. दुखणं हसत सोसणारे तात्या जेवेनासे झाले. दिवसभर स्वतःची झडती घेत बसायचे. "कुनाला नाडलं न्हाई, कुनाचं खाल्लं न्हाई. मग मलाच का टाकलं?"

एका शनिवारी ते सदरा वर धरून तासभर उभे होते. खाली बसेनात. मी खांबाआडून बघत होतो. गुपचूप हात ठेवला तर तीच भोंदूगिरी. नुसतं बघत राहिलो तर मग मी कसला माणसाच्या बाजूचा?

मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. आता मारुती माझ्याही पाठीशी होता. मणक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तात्या, मी आहे."

"ठावं हाय. तुमचा हात ऊन हाय. ऱ्हाऊ द्या तसाच."

बऱ्याच वेळाने माझ्या हातावर वरून काहीतरी गार टेकलं. मी वळून बघितलं नाही. त्या गार स्पर्शाचं कारण मला अजून सापडलेलं नाही, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही.

एकच मागणं आहे. तुमच्या घरात, गल्लीत वर्षानुवर्षं दुखणं काढणारं कुणी असेल, तर आज त्याला 'डॉक्टर काय म्हणाले' हे विचारू नका. कुठं दुखतंय ते विचारा, आणि तो दाखवेल तिथे हात ठेवा.