तीन हजार एकशे चार टिचक्या

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता कंपनीचा आठचा भोंगा झाला.

साडेदहा वाजले होते ते बोईसर स्टेशनच्या घड्याळात. कंपनीच्या फाटकावरच्या घड्याळात आठच वाजले होते, आणि हे घड्याळ चुकणे शक्य नाही असा लेखी दाखला नागोरावांनी सोमवारी दिला होता.

१९६७ सालचा नोव्हेंबर होता. बोईसर-तारापूर रस्त्यावर कंपनीचे बांधकाम चालू होते. परदेशातून आलेल्या गणकयंत्राला कंपनीने एक खोली, दोन पंखे आणि नागोराव दिले होते. नागोराव परभणीकडचे, वय सव्वीस, नोकरी अजून कच्ची. पक्की व्हायची ती महिनाअखेरीस. यंत्राचा जो मूळ कार्यक्रम, त्यात घड्याळाचा भाग लिहिणे हे त्यांचे काम. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. दर हेलकाव्याला यंत्राला एक टिचकी बसते. अशा तीन हजार टिचक्या झाल्या की एक मिनिट. परदेशी पुस्तकात तिकडच्या विजेच्या हिशेबाने तीन हजार सहाशे छापले होते. ती चूक नागोरावांनी पकडली आणि तेव्हापासून ते कँटीनमध्येही ताठ बसू लागले.

"आता भोंगाच जोडू या यंत्राला," चंद्रभानसाहेब म्हणाले. ते साइटचे प्रमुख. "सगळ्यांची घड्याळं फाटकावर लागतील, फाटकाचं यंत्रावर. फक्त आधी बाहेरच्या कशाशी तरी ताडून पाहा."

बाहेरचे असे फार काही नव्हते. मनगटावरचे घड्याळ नागोरावांनी कौतुकाने आधीच यंत्रावर लावले होते. कॉलनीतला एकुलता रेडिओ दुरुस्तीला पालघरला गेला होता. स्टेशनात घड्याळ होते. पण जिथे गाडी वेळेवर येत नाही तिथले घड्याळ कुठून वेळेवर असणार? राहिली साखरबाई. ती किनाऱ्यावरच्या मुरब्याहून मासळीची पाटी घेऊन रोज फाटकावर यायची.

आदल्या आठवड्यात गुरुवारी ती नऊला आली. शुक्रवारी दहाला दहा कमी. शनिवारी दहा चाळीस. रविवारी साडेअकरा.

"मावशी, रोज उशीर?" नागोरावांनी विचारले.

"उशीर कसला, दादा? भरती आली, होडी आली, मी आली. दर्या कवा चुकतो काय? तुमचाच घड्याल धावत असंल!"

परभणीत समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात असतो. भरती दिवसातून दोनदा येते, एवढे पुस्तकाने नागोरावांना शिकवले होते. ती रोज ठरल्या वेळी येते, ही भर त्यांची स्वतःची. त्यांनी कागदावर आकडे मांडले. यंत्र दिवसाला पन्नास मिनिटे पुढे धावत होते! इकडची वीज जरा घाईने हेलकावत असणार. सोमवारी सकाळी आठ वाजता त्यांनी तीन हजारांच्या जागी तीन हजार एकशे चार टिचक्या घातल्या आणि भोकांची नवी कागदी पट्टी यंत्रात सोडली.

त्या दिवशी साखरबाई आली तेव्हा यंत्रात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. मंगळवारी बारा-दहा. बुधवारीही बारा-दहा! दाखला त्यांनी सोमवारीच देऊन टाकला होता, आणि संध्याकाळी भोंगा व फाटकाचे घड्याळ यंत्राला जोडलेही गेले होते. बुधवारी त्यांनी त्याची सुवाच्य प्रत काढून भिंतीवर लावली.

मंगळवारी मुंबईची गाडी तासभर लवकर आली. बुधवारी दोन तास लवकर आली. चंद्रभानसाहेबांनी स्टेशनमास्तरांना अभिनंदनाचे पत्र धाडले. कँटीनचा भात गार होऊ लागला, तेव्हा आचाऱ्याला बोलणी बसली. पाचचा भोंगा अंधारात होऊ लागला. "दिवस लहान झालाय," साहेब म्हणाले, आणि नोव्हेंबर असल्यामुळे सगळ्यांना ते पटले.

पटले नाही ते एकट्या जिवल्याला. तो बांधकामावरचा मजूर, डोंगरापलीकडच्या पाड्यावरून चालत यायचा. घड्याळ त्याच्याकडे नव्हते. सूर्य वर आला की तो फाटकावर हजर, सूर्य कलला की घराकडे. फाटकावर हजेरी घेणाऱ्या पंढरीने दोन दिवस त्याच्या नावापुढे 'वेळेआधी पळाला' असे लिहिले आणि गुरुवारी नावावर रेघ मारली.

"भोंगा व्हायच्या आधी जातोस व्हय रं? कंपनी तुझ्या बापाची हाय का?"

"आमी रोजच्याच येळाला गेलू, दादा. सूर्व्या खाली गेला व्हता."

"सूर्य कंपनीत कामाला नाही!" पंढरी गरजला. स्वतःचेच वाक्य त्याला इतके आवडले की त्याने ते पुन्हा म्हटले.

जिवल्या गेला नाही. फाटकाशेजारी उकिडवा बसून राहिला. खिडकीतून नागोरावांना तो दिसत होता. बिचारा, अडाणी, असे त्यांच्या मनात आले. या विचाराची लाज पुढे त्यांना फार दिवस पुरणार होती.

दुपारी स्टेशनमास्तरांचे उत्तर आले. साहेबांनी ते फाटकावर, सगळ्यांसमोर, उघडले. "आपल्या अभिनंदनाबद्दल आभारी आहे. गाडी दोन्ही दिवस नेहमीप्रमाणे बावीस मिनिटे उशिरा आली. आपले घड्याळ तपासून घ्यावे."

साहेबांनी नागोरावांना बोलावले. नागोराव शांत होते. त्यांच्याकडे साक्षीदार होता, आणि फाटकावरच्या घड्याळात बारा-दहा होताच तो पाटी घेऊन आलाही.

"मावशी, साहेबांना सांगा. तुम्ही रोज एकाच वेळी येता ना?"

साखरबाईने पाटी खाली ठेवली. "यकाच वकताला? कोन म्हनतो? भरती रोज दोन घटका फुडं सरते. आमच्या शेंबड्या पोराला पन ठावं हाय."

"पण तुम्हीच म्हणालात, दर्या चुकत नाही!"

"नायच चुकत. रोज दोन घटका सरतो, कवा चुकला नाय."

पहिल्यांदा जिवल्या हसला. मग पंढरी हसला, मग आचारी. साहेब हसले नाहीत. "दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं," ते सावकाश म्हणाले. "नागोराव, तुम्ही माझं लाखाचं यंत्र बोंबलाच्या पाटीवर लावलंत?"

"साहेब, लाइनच्या विजेत काही…" नागोरावांनी सुरुवात केली. समोर जिवल्या उभा होता. हसून झाल्यावर तो त्यांच्याकडे आशेने पाहत होता, कारण त्याच्या लेखी या गर्दीत सगळ्यात शिकलेले नागोरावच होते. नागोरावांचे कान तापले. विजेचे वाक्य त्यांनी तिथेच सोडले.

"वीज बरोबर आहे. चूक माझी आहे. याचं नाव परत घ्या."

"नाव घेतो की," पंढरी म्हणाला, "पन रेघ मारलेलं नाव परत घ्यायचं तर कारण लिवावं लागतं. आन् ह्यो कागद मुंबईला जातो."

नागोरावांनी पंढरीचा टाक घेतला. कारणाच्या रकान्यात जागा बोटभरच होती. त्यांनी लिहिले: 'सूर्य बरोबर होता. घड्याळ मी चुकवले.' खाली पूर्ण नावाने सही केली. आपली नोकरी पक्की करणारे मुंबईचे साहेब हाच कागद वाचणार, हे सही वाळायच्या आत त्यांच्या ध्यानात आले.

शुक्रवारी आठचा भोंगा आठला झाला. जिवल्या कामावर होता. तरी भोंगा होताच त्याने एकदा सूर्याकडे पाहून खात्री करून घेतली. मग नागोरावांनीही पाहिले.

शनिवारी सकाळी मुरब्याचे चार कोळी साहेबांकडे अर्ज घेऊन आले. अर्जावर चाळीस अंगठे होते. त्या तीन दिवसांत बाराचा भोंगा वाऱ्यावर ऐकू आला की खाडीचे पाणी बरोब्बर फिरत असे. होड्या सोडायला इतकी सोय आजवर कोणी केली नव्हती. तरी जुना भोंगा कृपया पुन्हा चालू करावा.

साहेबांनी अर्जावर 'नागोरावांनी लेखी मत द्यावे' असा शेरा मारून तो खाली पाठवला. मुंबईहून अजून काही आलेले नाही. तीन हजार एकशे चारची पट्टी नागोरावांनी फाडलेली नाही. ती खणात आहे. शनिवारी भरतीच्या वेळेला साखरबाईने फाटकावरून विचारले, "दादा, काय ठरला?" तोपर्यंत अर्जावर मत लिहिलेले नव्हते.