काशाक्काचे लाडू आणि पैलरानाचा शिक्का

एका जंगलात काशाक्का नावाची साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर, बाळांनो. अंगावर काटे असतात ती. काटे म्हटल्याबरोबर नाकं मुरडू नका, आधी ऐका. स्वभावानं ती अगदी गरीब होती. जंगलात कुणाचंही बाळंतपण असो, पहिला निरोप काशाक्काला जायचा. सशिणीचं तिनं केलं, भेकरीचं केलं, आणि एका पावसाळ्यात तर तरशिणीचंसुद्धा केलं.

या जंगलाचं नाव ऐलरान. मधे मोठी नदी आणि नदीपलीकडे पैलरान. पैलरानात म्हणे गवत बाराही महिने हिरवंगार असतं, पाणवठ्यावर जनावरं रांगेनं पाणी पितात आणि वाघ शिंकला तरी आधी 'माफ करा' म्हणतो. हे सगळं सांगायचे कोण? तर ज्यांनी पैलरान कधी पाहिलं नव्हतं ते. त्यामुळे ऐलरानात सगळ्यांचा त्यावर पक्का विश्वास होता.

काशाक्काची एकुलती एक लेक मंजुळी लग्न करून पैलरानात गेली होती. जावई तिथं बिळं खणायच्या नोकरीवर होता. पैलरानातल्या जनावरांना बिळात राहायला आवडायचं, खणायला आवडायचं नाही.

श्रावणात पाकोळीनं मंजुळीचा निरोप आणला. "आई, मला दिवस गेलेत. मार्गशीर्षात मोकळी होईन. पहिलीच खेप आहे, फार भीती वाटते. मी तिकडे आले तर मला परत इकडे घेतील की नाही, कुणी सांगत नाही. तूच ये ना."

आता साळूंचा एक रिवाज आहे, तो नीट ऐका. मधे चुळबुळ नको. साळूचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे मऊ असतात, ओल्या गवतासारखे. आठ दिवसांत ते टणक होतात. त्या आठ दिवसांत आजीनं पिल्लाला गालाशी धरायचं. पहिला मान आजीचा. त्यानंतर जन्मभर त्याला कुणालाच गालाशी धरता येत नाही. काशाक्काला तिच्या आजीनं धरलं होतं, मंजुळीला काशाक्काच्या आईनं.

काशाक्का लगेच कामाला लागली. धावड्याचा डिंक गोळा केला, चारोळी टिपली, मोहाची फुलं वाळवली आणि एकवीस लाडू वळले. मग तिला कळलं की पूल ओलांडायचा तर पैलरानाचा शिक्का लागतो. पाकोळीला लागत नाही. पंखवाल्या कुणालाच लागत नाही. हा नियम कुणी केला म्हणता? पंखवाल्यांनी.

शिक्क्यातलं कळणारा ऐलरानात एकच होता, रंगनाथ सरडा. त्याला स्वतःला शिक्का कधी मिळालेला नव्हता, पण तो कसा मिळवावा याचा वर्ग तो चालवायचा. असं असतं. ज्याला पोहता येत नाही तोच काठावर उभा राहून जास्त ओरडतो. एका शिकवणीला तो एक लाडू घ्यायचा.

"काशाक्का, शिक्का देणाऱ्या साहेबानं विचारलं, कशाला जाताय, तर काय सांगाल?"

"लेकीच्या बाळंतपणाला."

"झालं! बसा घरी." सरड्यानं लाडू तोंडात टाकला. "धबधबा बघायला, असं सांगायचं."

"अरे, धबधब्याखालीच माझं बीळ आहे. सगळा जन्म त्याच्या आवाजात गेला."

"तो आपला. आपलं कुणी बघतं का?"

"आणि बाळंतपणाला जाते म्हटलं तर काय पाप आहे का रे मेल्या?"

"अक्का, साहेबाचं शास्त्र निराळं आहे. ज्याला जायला कारण आहे, तो परत येत नाही. ज्याला काहीच कारण नाही, तो नक्की परत येतो. म्हणून चेहरा कसा ठेवायचा? पाठवलंत तर जाईन, नाहीतर इथंच लोळेन."

काशाक्कानं घरी जाऊन पाण्यात बघत तसा चेहरा करून पाहिला. जमेना. लेकीची आठवण आली की डोळे भरून यायचे, आणि रडवेला चेहरा चालत नाही असं सरड्यानं बजावलं होतं. अर्जाला लावायच्या छबीचं तर विचारू नका. छबीत काटे दिसता कामा नयेत असा नियम. साळूचे काटे नाही दिसायचे, तर मग दिसायचं काय, उंदीर? पण बिचारीनं दोन दिवस पाठीवर ओली माती थापून काटे बसवले आणि छबी काढली.

'हिचं बीळ इथंच आहे' असा दाखला पाहिजे होता. तो जंगलाचे अध्यक्ष तरसोपंत यांनी दिला. दाखला दिल्यावर त्यांनी सवयीनं सत्कारही उरकून घेतला. ऐलरानात काम व्हायच्या आधीच सत्कार होतो, कारण नंतर कामाची खात्री नसते. सगळं जंगल जमलं. भेकरीनं पैलरानातल्या भावासाठी आवळे दिले. माकडिणीनं भाच्यासाठी चिंचेचं गाठोडं दिलं आणि "सांडू नका हं" असंही सांगितलं. काशाक्काचा अर्ज अजून वाचलासुद्धा गेला नव्हता.

पुलाच्या तोंडाशी, ऐलरानाच्या बाजूला, वडाच्या ढोलीत खिडकी होती. खिडकीत राजहंस साहेब बसायचे. मान चांगली लांब, त्यामुळे कुणाकडेही वरूनच बघायची सोय होती. रांगेत काशाक्काच्या मागेच रंगनाथ सरडा उभा होता. यंदा आपणही नशीब काढून बघावं, असं त्याच्या मनात आलं होतं.

"कशाला जाताय?" साहेबांनी विचारलं.

"धबधबा बघायला," काशाक्का म्हणाली, आणि तिच्या पाठीवरचे काटे खर्रकन उभे राहिले. तिला खोटं बोलायची सवय नव्हती हो.

"हे काटे कशाला उभे राहिले?"

काशाक्कानं हात जोडले. "खोटं बोलले साहेब. चुकले. लेक बाळंतीण व्हायची आहे. पहिलटकरीण आहे. तिचं करायला जाते." काटे आपसूक खाली बसले.

"करायला म्हणजे?"

"तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, चार घास करून भरवायचे."

"म्हणजे काम. कामाचा शिक्का वेगळा असतो. तो तुम्हाला मिळणार नाही."

"अहो, पोटच्या पोरीचं करायचं त्याला काय काम म्हणतात?"

"काम नाही? मग तुमची तिथं गरज काय?"

 याला उत्तर काय देणार? तुम्हाला सुचतंय का? मलाही सुचत नाही. साहेबांनी नकाराचा लाल शिक्का मारला आणि मान मागच्याकडे वळवली.

सरडा पुढे आला. साहेब पांढरे, म्हणून तोही पांढरा झाला होता.

"कशाला जाताय?"

"सहज."

"काय येतं तुम्हाला?"

"काही नाही."

"तिकडे कोण आहे?"

"कुणी नाही, आणि इथंही कुणाचं माझ्यावाचून अडत नाही."

"वा! प्रवास सुखाचा होवो," साहेब म्हणाले आणि हिरवा शिक्का बसला.

काशाक्कानं उरलेल्या लाडवांतले दहा पानात बांधून सरड्याच्या हाती दिले. "एवढे माझ्या मंजुळीला पोचव रे बाबा. तिला म्हणावं, आई येतेच आहे." सरड्यानं शपथ घेतली. पुलाच्या मध्यावर पोचेपर्यंत त्यानं दहाच्या दहा फस्त केले, हे नंतर मगरींनी सांगितलं.

कार्तिक उजाडला. पैलरानातलं ते बाराही महिने हिरवं गवत बर्फाखाली गेलं. राजहंसांचे थवेच्या थवे नदीवरून उडून ऐलरानाच्या तळ्यावर उतरले. शिक्का नाही, अर्ज नाही, छबी नाही. दरवर्षी यायचे. तरसोपंतांनी तळ्याकाठी तोरणं बांधली, बदकांना तळ्यातून उठवलं आणि बेडकांना थंडी संपेपर्यंत गप्प राहायचा हुकूम काढला. पाहुण्यांची झोप मोडायला नको ना!

त्या थव्यात साहेबांची बायको होती. तळ्याकाठी तिनं अंडी घातली आणि तिला सणसणून ताप भरला. पहिलटकरीण होती. साहेब खिडकी बंद करून धावत आले.

"हिची आई लांब आहे हो," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "कुणी जाणती बाई मिळेल का?"

मग साहेबांनाच आठवलं. काशाक्काच्या अर्जावर त्यांनी तिचं उत्तर टिपून ठेवलं होतं. तेल, न्हाणं, शेक, चार घास. कागद कधी वाया जात नाही.

तरसोपंत स्वतः काशाक्काच्या बिळाशी आले. "नशीब उघडलं तुझं काशाक्का! प्रत्यक्ष साहेबांच्या घरचं बाळंतपण!"

"त्या इथं कशाला आल्यात?" काशाक्कानं विचारलं. "परत कधी जाणार? शिक्का आहे का त्यांच्याकडे?"

"अगं हळू! पाहुण्यांना असं विचारतात? जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग."

काशाक्का जाणार नव्हती. पण वाऱ्यावरून त्या हंसिणीचं कण्हणं ऐकू आलं, आणि तिच्यानं राहवेना. पहिलटकरीण ती पहिलटकरीण, असं म्हणून ती उठली. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात एक आशाही होती. साहेब काही दगड नाहीत. आपली बायको बघतील, आपली पिल्लं बघतील, मग माझी लेक त्यांना दिसेल.

महिनाभर ती तळ्यावर राबली. पाला उकळून शेक दिला, रात्र रात्र अंड्यांना ऊब धरली, आणि शेवटचे चार लाडू हंसिणीला कुस्करून भरवले. पिल्लं निघाली. मऊ लुसलुशीत होती. काशाक्कानं एकदा एकाला गालाशी नेलं आणि तसंच खाली ठेवलं. पहिला मान दुसऱ्या कुणाचा होता.

हंसिणीनं गळ्यात पडायचं तेवढं बाकी ठेवलं, तेही काट्यांमुळे. "मावशी, माझ्या आईनंसुद्धा इतकं केलं नसतं," ती म्हणाली. तिनं आपल्या पिसानं शिफारसपत्र लिहून दिलं. त्याच दिवशी पाकोळी आली. मंजुळीचे दिवस भरत आले होते.

काशाक्का पत्र घेऊन धावतच खिडकीवर गेली. साहेब उभे राहिले. हो, चक्क उभे राहिले!

"काशाक्का, आमच्या घरचं तुम्ही फार केलंत. मी जन्मात विसरणार नाही."

"विसरू नका साहेब. शिक्का मारा. आठ दिवस द्या, नववा मागणार नाही."

साहेबांनी पत्र वाचलं. 'बाळंतपणाच्या कामात काशाक्कांचा हात धरणारं कुणी नाही,' असं बायकोनं लिहिलं होतं. साहेबांचा चेहरा उतरला.

"हे काय करून बसलात तुम्ही? गेल्या वेळी नुसता संशय होता. आता पुरावा झाला, आणि तोही माझ्याच घरचा. मी तो कसा नाकारू?"

"अहो, मी काय मजुरी घेऊन केलं का?"

"फुकट केलंत? मग तर फारच वाईट. फुकट काम करणारं जनावर आत सोडलं तर आमच्या कामकऱ्यांनी खायचं काय?"

काशाक्काच्या पाठीवरचे सगळे काटे उभे राहिले, आणि या वेळी ती खोटं बोललेली नव्हती. साहेबांनी कागदावर टिपून घेतलं, 'अर्जदार आक्रमक'. लाल शिक्का मारला. पाच वर्षं पुन्हा येऊ नये, असं खाली लिहिलं आणि बायकोचा नमस्कार सांगितला.

दहा-बारा दिवसांनी पाकोळी आली. येता येता ती पुलावरून आली होती. पैलरानाच्या टोकाला एक सरडा हिरवागार होऊन ओरडत होता म्हणे, "बाहेरच्यांना आत घेऊ नका! आमचं गवत संपतंय!" त्याच्यामागे बरीच गर्दी जमली होती.

"ते मरू दे," काशाक्का म्हणाली. "मंजुळी?"

"मुलगी झाली. एकटीनंच निभावलं तिनं." पाकोळी म्हणाली. "तिनं सांगितलंय, आई, आठ दिवस हिला मीसुद्धा गालाशी धरलं नाही. तुझा पहिला मान म्हणून ठेवली होती. काल काटे टोचायला लागले."

 बिळाच्या तोंडाशी बसून काशाक्का पोटभर रडली.

तेवढ्यात तरसोपंत आले. रडणं वगैरे त्यांना दिसलं नाही, त्यांची नजर कायम तळ्याकडे असायची. "काशाक्का, तयारीत राहा हं. पुढच्या कार्तिकात साहेबांची मेहुणी येतेय. तिचं पण पहिलंच आहे. लाडू मात्र या खेपेला जास्त वळ."

काशाक्का उठली. बिळात शिरली. तोंडाकडे पाठ केली आणि एकूण एक काटा उभा केला. बीळ बंद झालं.

तरसोपंत दोन पावलं मागे सरले. "काय उद्धट बाई आहे!" ते म्हणाले. "हिला शिक्का दिला नाही, तेच बरं झालं. तिकडे जाऊन ऐलरानाचं नाक कापलं असतं हिनं."

तात्पर्य : सेवा करी तो मेवा खाई, असं तुमच्या पुस्तकात असेल. पुस्तक मिटा. बाळांनो, परक्या रानात जायचं असेल तर अंगी कसलाही गुण नसावा, हाताला काम नसावं आणि तिथं आपली वाट बघणारं कुणी नसावं. एवढं साधलं की पूल मोकळा. आणि आपल्या दारी कुणी न विचारता उतरलं, तर मुकाट्यानं पायघड्या घालाव्यात. ते देव असतात. देवांकडे कागद मागत नाहीत, कागद भक्तांकडे मागतात.