गांजलेल्याचं मनोगत

गुरुवारी संध्याकाळी चष्मेवाल्यांच्या लॅपटॉपवर दोन लिंक येऊन पडल्या होत्या आणि चष्मेवाल्यांचा स्वतःचा चष्मा दुकानात राहिला होता. पुढचं सगळं रामायण घडलं ते एवढ्यावरून.

पहिली लिंक दवाखान्यातल्या नर्सबाईंची. चष्मेवाल्यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते. कॅन्सर गेला, रिपोर्ट स्वच्छ आले. पण जाताना तो पाहुणा घरातल्या दोन-चार वस्तू उचलून घेऊन गेला होता, आणि त्यांची तक्रार कुठे नोंदवायची हे चष्मेवाल्यांना कळत नव्हतं. अशा जोडप्यांसाठी दर गुरुवारी सहाला ऑनलाइन बैठक असते, कॅमेरा बंद ठेवा, टोपणनाव लावा आणि मन मोकळं करा, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. दुसरी लिंक मुलाची. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला त्याने एक फ्लॅट घेऊन भाड्याने दिला होता. तिथल्या चौसष्ट फ्लॅटमालकांची सभाही सहालाच होती. तो स्वतः प्रवासात होता, म्हणून त्याने वडिलांना नुसती हजेरी लावायला सांगितलं होतं. बोलायची काही गरज नाही, असंही लिहिलं होतं.

चष्मेवाल्यांनी डोळे बारीक करून निळ्या अक्षरांवर क्लिक केलं. नाव विचारल्यावर त्यांनी "गांजलेला" असं टाइप केलं. बायको सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला विणकाम घेऊन बसली होती. दोघांच्या मध्ये एक उशी होती. गेले सात महिने घरात कुठेही बसले तरी दोघांच्या मध्ये काही ना काही असायचंच.

बैठक सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती. एक भारदस्त आवाज सांगत होता, "आठ महिने झाले, बंद ती बंदच. तज्ज्ञ येऊन बघून गेला. म्हणतो, जुनं झालंय, सुटे भाग मिळत नाहीत."

चष्मेवाल्यांना बरं वाटलं. इथे आडपडदा नव्हता. त्यांच्या डॉक्टरांनी हीच गोष्ट सांगायला अर्धा तास घेतला होता आणि सगळा वेळ खिडकीकडे पाहिलं होतं.

कुणीतरी सांगितलं की बटण दाबून दाबून बोट दुखायला लागलं. दुसरा म्हणाला, त्यांच्याकडे सुरू होते, पण मध्येच अडकते, आणि मग धड वर नाही न् धड खाली नाही. तिसऱ्याने नाद सोडला होता; तो आता सरळ जिन्याने जातो म्हणाला.

"जिना म्हणजे काय हो?" बायकोने हळूच विचारलं.

"सांकेतिक भाषा असणार," चष्मेवाले म्हणाले.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला. "माझं वय एकोणऐंशी. इतरांचं मला ठाऊक नाही, पण मला दिवसातून दोनदा तरी लागतेच."

बायकोच्या हातातली सुई खाली पडली. चष्मेवाले त्या अनोळखी बाईंविषयी आदराने स्तब्ध झाले. एकोणऐंशीच्या वयात एखादी बाई चारचौघांत असं सांगू शकते, तर आपण कसले घाबरतोय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी माइक चालू केला आणि घसा साफ केला.

"आमच्याकडेही सात महिने बंद आहे," ते म्हणाले.

"बोला, गांजलेले साहेब," भारदस्त आवाज म्हणाला. "नाव अगदी योग्य घेतलंत. गळतीसुद्धा आहे का तुमच्याकडे?"

"सुरुवातीला फार होती. आता शिंक आली की तेवढीच."

पलीकडे सगळे गप्प झाले. चष्मेवाल्यांना वाटलं, लोक मन लावून ऐकताहेत. मग त्यांना थांबवतच नव्हतं.

"बंद आहे त्याचं एक वेळ काही नाही," ते म्हणाले. "पण मी बायकोला तोंड चुकवत फिरतो. पाठ दुखते सांगून बाहेरच्या खोलीत झोपतो. पाठीला काही झालेलं नाही. ती जवळ आली की वाटतं, आता ही काही मागेल आणि माझ्याकडे द्यायला काही नसेल. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून चौतीस वर्षं काचा घासल्या, आणि आता घरच्या माणसाच्या डोळ्यांत बघायची हिंमत होत नाही."

बायकोने विणकाम खाली ठेवलं. तिने या सात महिन्यांत मलमाच्या चार ट्यूब आणल्या होत्या. रोज ती ट्यूब घेऊन बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत यायची, आणि हे पाठ भिंतीला लावून, नको नको म्हणत बसायचे.

"मी काय मागणार होते?" ती म्हणाली. "पाठ चोळायला येत होते मी."

माइक चालूच होता. पलीकडे कुणीतरी खोकलं. मग त्या एकोणऐंशीच्या बाईंनी जपून विचारलं, "बाळ, तू लिफ्टबद्दलच बोलतोयस ना?"

बायकोने झटकन पुढे वाकून पडदा नीट वाचला. "अहो," ती म्हणाली, "ही आपल्या मुलाच्या बिल्डिंगची सभा आहे. त्याचा फ्लॅट सातशे दोन." हेही सगळ्यांनी ऐकलं.

चष्मेवाल्यांना लॅपटॉप कसा मिटतात हे आठवेना. ते गोरेमोरे होत नुसते बटणं दाबत राहिले. भारदस्त आवाजाने पुन्हा विषयपत्रिकेकडे वळायचा प्रयत्न केला, पण म्हातारीने त्याला थांबवलं. तिच्या नवऱ्याचंही हेच ऑपरेशन झालं होतं, ती म्हणाली. "पहिले सहा महिने तोही असाच लांब लांब पळायचा. मग मीच दटावलं. पुढे अकरा वर्षं एका पांघरुणात झोपलो. काय बंद न् काय चालू, त्याच्यामुळे माझे पाय गरम राहायचे. आता रोज मोजे घालते."

शेवटी कुणीतरी नवी लिफ्ट बसवायचा ठराव मांडला, आणि आठ महिने एकमेकांची उणीदुणी काढणाऱ्या त्या सभेने तो एका मिनिटात, विरोधाविना मंजूर केला. नंतर मुलाचा निरोप आला: सेक्रेटरी म्हणाले, बाबा फार पोटतिडकीने बोलले. तुम्ही नक्की काय बोललात?

खरी बैठक संपायला पंधरा मिनिटं उरली होती. बायकोने या वेळी स्वतः लिंक उघडली. समुपदेशक बाई गोड आवाजात गृहपाठ देत होत्या: आठवडाभरात जोडीदाराला अशी एक गोष्ट सांगा, जी आजवर सांगितली नाही. घाई नको, सुरुवातीला जड जाईल, अनोळखी माणसांसमोर तर नकोच.

"आमचा झालाय," बायकोने सांगितलं आणि लॅपटॉप मिटला.

मग ती उठली. सोफ्यावरची उशी तिने काखेत मारली, बाहेरच्या खोलीतून त्यांचं पांघरूण उचललं आणि सरळ आतल्या खोलीकडे निघाली. चष्मेवाले मागोमाग गेले. सवयीने त्यांचा हात कमरेवर गेला.

"अगं, पण माझी पाठ..."

"पाठ ठणठणीत आहे," ती चादर झटकत म्हणाली. "चौसष्ट फ्लॅटना माहीत आहे."