डेटम शिफ्ट आणि खिशातल्या तीन पिना

आमच्या अख्ख्या कारखान्यात डेटम शिफ्ट कोळून प्यायलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! गेल्या आठवड्यापर्यंत मी हे छातीठोकपणे सांगत होतो. हल्ली सांगत नाही. पण चूक माझी नव्हती, हे आधीच बजावून ठेवतो!

मी तपासणी विभागात. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती. मोठे साहेब मला म्हणाले, "पंपाच्या झाकणांचा हा लॉट गिऱ्हाइकाने विनातक्रार उचलला, की खुर्ची तुमची." झालं! मी मनातल्या मनात तिच्यावर टेकूनसुद्धा घेतलं.

झाकण साधंच. मधे मोठं भोक, भोवती चार छोटी. तपासायचं गेज म्हणजे खोटा पंपच म्हणा ना. मधे जाड पिन, भोवती चार बारीक. मधलं भोक सैल निघालं तर झाकण जाड पिनेवर जरासं सरकतं, आणि ड्रॉइंगमध्येच तशी मुभा असते. हीच डेटम शिफ्ट. आता मला सांगा, झाकण सरकतं म्हणजे प्रत्येक भोकाला सूट मिळाली की नाही? मिळालीच! पण ते आडमुठं गेज ऐकेल तर शपथ. चारही पिना एकदम जाईचनात. शेवटी मी त्यातल्या तीन काढून खिशात टाकल्या! एका वेळी एक पिन, एक भोक. बसत नाही? ढकल डावीकडे. बसलं! पुढचं बसत नाही? ढकल उजवीकडे. तेही बसलं! अख्खा लॉट पास.

गिऱ्हाइक आलं त्याच दिवशी झाकणं पंपावर बसवणारा आमचा फिटर तणतणत आला. "साहेब, डावा बोल्ट लावला की उजवा लागत नाही."

"मग झाकण ढकला की जरा!"

"ढकललं. उजवा लागला, आता डावा लागत नाही."

"अहो, डेटम शिफ्ट नावाचा काही प्रकार असतो की नाही?"

"असेल साहेब. पण बोल्टाला कोण सांगणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मीच बाह्या सरसावल्या. खांदा लावला, गुडघा लावला, शेवटी झाकणावर चक्क बसलो! नेमके तेव्हाच मोठे साहेब गिऱ्हाइकाला घेऊन दारात.

"ड्रॉइंगच चुकलंय!" मी बसल्या जागेवरून ओरडलो. "ज्याने काढलं त्याला बोलवा!"

बोलावलं. आली कोण? आमची ही! ही डिझाइन विभागात आहे, हे रागाच्या भरात मी साफ विसरलो होतो.

हिने झाकण पाहिलं, मग बोडकं गेज, मग माझा फुगलेला खिसा.

"अहो, ती सूट चौघांत मिळून एकच आहे. झाकण सरकलं की चारही भोकं एकदम, एकाच बाजूला जाणार. आपलं पांघरूण नाही का? तुम्ही तुमच्याकडे ओढलंत की मी उघडी. दोघांना एकाच वेळी आपापल्या बाजूला थोडंच ओढता येतं?"

फिटर हसला. गिऱ्हाइक हसलं. मोठे साहेब तर डोळे पुसायला लागले! घरातली गोष्ट अशी चारचौघांत काढायची असते? आणि पांघरूण मी ओढत नाही, ते आपोआप येतं!

लॉट नापास झाला. संध्याकाळी मोठ्या साहेबांनी त्या खुर्चीवर हिलाच बसवलं. मी आता सगळी झाकणं पुन्हा तपासतोय, चारही पिना लावून. हा सरळसरळ अन्याय आहे! लेखी तक्रार करणार होतो, पण ती विभागप्रमुखाच्याच हातात द्यावी लागते हो.