जादा अपत्याचे समायोजन

दुपारची वेळ. पोरे निजलेली, शेजारपाजार निजलेला, ओट्यावरची मांजर निजलेली. चंद्रकांता सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती, तेही खडा खाली टाकताना आवाज होणार नाही अशा बेताने. तेवढ्यात आतल्या खोलीत अडकित्ता वाजला. कट्. जरा वेळाने पुन्हा कट्.

चंद्रकांताने सूप खाली ठेवले. घनश्याम सुपारी खात नसे, त्याला ठसका लागे. पण सांगायला जड अशी गोष्ट पोटात असली की तो अडकित्ता घेऊन बसे आणि कातरून कातरून सुपारीचा भुगा करी. लग्नापासून घरातली प्रत्येक वाईट बातमी तिला आधी सुपारीनेच कळवली होती.

"काय झालं जी?"

"काई नाही. सहल जाऊन राहिली हापिसाची. रविवारी, नवेगावबांधले. एसटीची पेशल गाडी केली साहेबानं. सहकुटुंब या म्हणते."

ही वाईट बातमी कशी, ते चंद्रकांताला कळेना. तिचा आजवरचा प्रवास म्हणजे माहेरी सानगडीला बाळंतपणासाठी आणि इतर गावी लोकांच्या लग्नाला नाहीतर तेरवीला. तलाव तिने जन्मभर पाहिले होते, पण दरवेळी काखेत धुण्याचे गाठोडे होते. गाठोड्याशिवाय तलाव कसा दिसतो, हे एकदा पाहावे असे तिला फार वाटे.

"मंग त लाखोरीच्या डाळीचे वडे करतो," ती म्हणाली. "डब्बाभर करतो."

"पोरं दोनच आणा म्हणते," घनश्याम म्हणाला आणि त्याने अडकित्ता चालवला.

घनश्याम तालुक्याच्या कचेरीत कुटुंबनियोजनाच्या टेबलावर हंगामी कारकून होता. सहा वर्षे तो हंगामी होता. दर सहा महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवत आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घेत, म्हणजे तो फार काळ नोकरीत आहे असे कोणाच्या लक्षात येऊ नये. आपल्याला तीन मुले आहेत यात त्याचा दोष नव्हता. धाकटा भोजू जन्मला तेव्हा कचेरीच्या भिंतीवर लाल त्रिकोणाखाली 'दोन किंवा तीन पुरेत' असे ठळक लिहिलेले होते, आणि त्यावर नजर टाकल्याशिवाय घनश्याम हजेरीची सही करत नसे. भोजू चालायला लागला त्या सुमारास वरून नवा आदेश आला. शिपाई नत्थूने 'किंवा तीन' या शब्दांवर चुना फासला. चुना पातळ होता. प्रत्येक पावसाळ्यात ते शब्द पुन्हा वर येत आणि नत्थू पुन्हा बादली घेऊन उभा राही. भोजू मात्र चुन्याने झाकण्यासारखा नव्हता.

सहलीला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते, सोबत फोटोवाला आणणार होते. अशा वेळी भिंतीवर दोन आणि गाडीत तीन-चार, हे दृश्य प्रचाराच्या दृष्टीने विसंगत ठरेल, असे तालुक्याच्या साहेबांचे मत पडले. एखादे मूल घरी ठेवून भागण्यासारखे नव्हते, कारण अडचण दुहेरी होती. ज्यांना तीन, ते नियमाबाहेर होते. पण हेडक्लार्क मधुकररावांना एकही नव्हते, आणि असे कुटुंब भिंतीवरच्या चित्राशी अजिबातच जुळत नव्हते. एकीकडे जादा, दुसरीकडे तूट. कचेरीला अशा प्रसंगी एकच उपाय माहीत असतो. साहेबांनी सभा बोलावली आणि जादा अपत्यांचे तात्पुरते समायोजन करण्याचे ठरले.

तत्त्व सोपे होते. पहिले एक, दुसरे दोन, तिसरे आणि पुढचे जादा. लस टोचणाऱ्या ताराचंदला चार मुलगेच होते, त्यामुळे त्याचे काम लगेच उरकले. तिसरा मधुकररावांकडे, चौथा ड्रायव्हर बाबुलालकडे. बाबुलालच्या लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते, आणि त्याला पाच वर्षांचा मुलगा मंजूर झाला. मग घनश्यामचे नाव आले. कुमुद एक, गुलाब दोन, भोजू जादा. साहेबांनी पेन्सिल टेकवली आणि तिथेच थांबवली.

"मुलगा हाच का?"

"हो जी. तो एकच."

मग साहेब म्हणाले, "मुलगा मूळ आस्थापनेवरच राहू द्या." तत्त्वाला धक्का लागला, असे कोणाला वाटले नाही.

"मंग कोन?" चंद्रकांताने विचारले.

घनश्याम सुपारीकडे पाहत म्हणाला, "कुमुद त भोजूले कडेवर घेते. तिच्याबिगर तो राहत नाही."

पुढचे सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांची गुलाब चटईच्या काठावर निजली होती. दोघांच्या मधल्या पोरांना काठावरच जागा मिळते.

"एका दिवसाची त गोष्ट आहे," घनश्याम म्हणाला. "अन् माही कायम करायची फाईल साहेबाच्याच टेबलावर आहे."

चंद्रकांताने सूप पुन्हा मांडीवर घेतले. ती हो म्हणाली नाही. नाही म्हणाली असती तर ऐकू आले असते.

रविवारी सकाळी वेणी घालताना तिने गुलाबला समजावले. "आज दिवसभर निर्मलाकाकूले आई म्हणायचं."

"अन् तुले?"

"मले काकू."

"खेळ आहे काय?"

"हो."

"कोन जिंकते यात?"

"आपले बाबा," चंद्रकांता म्हणाली आणि तिने रिबिनीची गाठ जरा जास्तच आवळली.

गाडीत गुलाब पुढच्या बाकावर मधुकररावांच्या निर्मलाबाईंजवळ बसली. मागून चंद्रकांताला फक्त दोन रिबिनी दिसत होत्या. नवेगावबांधचा तलाव गाठोड्याशिवायही तसाच दिसत होता. मोठे साहेब आले, फोटोवाला आला, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सतरंज्या अंथरल्या गेल्या. प्रत्येक सतरंजीवर नवरा, बायको आणि फार तर दोन मुले. बाबुलालची नवी नवरी पाच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन लाजत होती.

वडे वाटणे चालू असतानाच गुलाब पाळीच्या दगडांवरून घसरली. गुडघा फुटला. "आई गं," ती ओरडली.

सतरंज्यांवरच्या सगळ्या बाया एकदम वळल्या. चंद्रकांता उठलीही. घनश्याम हळूच खाकरला. ती उठली तशीच खाली बसली, आणि हातातला वडा कधी चुरला ते तिला कळले नाही. चौदा वर्षे संसार करूनही निर्मलाबाईंना त्या हाकेने कोणी बोलावले नव्हते. त्यामुळे हाक आपल्याला आहे हे समजायला त्यांना एक क्षण लागला. मग मात्र त्या अशा धावल्या की एक चप्पल मागेच राहिली. त्यांनी पोरीला उचलले, आपल्या चांगल्या लुगड्याच्या पदराने रक्त पुसले आणि स्वतःच रडू लागल्या. चंद्रकांताला त्यांचा राग आला असता तर बरे झाले असते.

मोठ्या साहेबांनी हे सर्व पाहिले. "जिव्हाळा पाहा," ते म्हणाले. "लहान कुटुंबातच असा जिव्हाळा राहतो." ते गुलाबजवळ वाकले. "काय गं बेटा, तुला आणखी एक भाऊ हवा का?"

गुलाबने शेजारी बसलेल्या ताराचंदच्या पोराकडे पाहिले. त्याने सकाळपासून तिचे दोन वडे खाल्ले होते.

"आहे थोच नको," ती म्हणाली.

मोठे साहेब हसले. पोरीच्या मनावर प्रचाराचा इतका खोल परिणाम जिल्ह्यात आजवर कुठे दिसला नव्हता. तिथल्या तिथे मधुकररावांचे कुटुंब तालुक्याचे आदर्श कुटुंब म्हणून जाहीर झाले. त्यातले एकही मूल त्यांच्या घरी जन्मलेले नव्हते, ही बाब निवडीच्या निकषांत बसत नव्हती. त्यांना भिंतीवरचे घड्याळ मिळाले. फोटो निघाला.

दिवस संपला, पण समायोजन संपले नाही. आदर्श कुटुंब फोटोत ठेवून काय उपयोग, ते जनतेसमोर गेले पाहिजे, असे वरून कळवण्यात आले. मग बाजाराच्या दिवशी जीप दारात उभी राहू लागली. एकदा लाखांदूर, एकदा चिखल्याला खाणीच्या कॉलनीत. चंद्रकांता सकाळी गुलाबची वेणी घाली आणि पोरीला जीपपर्यंत पोचवी. तिथे चौघांना टेबलावर उभे करत आणि साहेब माईकवरून सांगत, "पाहा. पहिले एक, दुसरे दोन. तिसरे जादा." लोक टाळ्या वाजवत. त्यांची स्वतःची पाच-सहा पोरे पुढे बसून टाळ्या वाजवण्यात सामील होत.

संध्याकाळी गुलाब नवा फ्रॉक, खिशात शेव आणि डोळ्यांत झोप घेऊन परत येई. निर्मलाबाई स्वतः फ्रॉक शिवत. "काकू, म्हणजे आई, रोज पावडर लावते मले," गुलाब सांगे. एकदा अर्धवट झोपेत पाणी मागताना तिने हाक मारली, "काकू." चंद्रकांता उठली आणि तिने पाणी दिले.

"आता पुरे झालं जी," ती घनश्यामला म्हणाली. "दुसरी कोनाची नेत का नाही?"

"फोटो हिचा आहे न," घनश्याम म्हणाला. "आता बदलली त फसवणूक होईन."

सानगडीचा बाजार तेवढा राहिला होता. तो नीट पार पडला की फाईलवर सही, असे साहेब म्हणाले होते. सानगडी चंद्रकांताचे माहेर. ती कुमुदला आणि भोजूला घेऊन घनश्यामबरोबर एसटीने गेली. पोरगी टेबलावर उभी असताना खाली गर्दीत तरी असावे, एवढेच तिच्या मनात होते.

साहेबांनी "पहिले एक" म्हटले आणि वांग्यांच्या ढिगामागे बसलेली जनाबाई उठून उभी राहिली. चंद्रकांताच्या तिन्ही बाळंतपणांत तिनेच बाळांना न्हाऊ घातले होते.

"अवो, हे त आपल्या चंद्रीची गुलाब होये," ती मोठ्याने म्हणाली. "माह्या हातानं न्हाऊ घातलं इले. पाठीवर तीळ आहे, पाहून घ्या."

गर्दी हसली. साहेबांनी माईकवर हात ठेवला. जनाबाईचे बोट मात्र सरळ चंद्रकांताकडे होते, आणि सगळा बाजार तिकडे वळला. मधुकरराव पांढरे पडले. निर्मलाबाईंनी गुलाबचा हात दोन्ही हातांत धरला. घनश्याम जमिनीकडे पाहत होता. सहा वर्षे त्याने असेच पाहून काढली होती.

साहेबांनी अत्यंत सौजन्याने विचारले, "बाई, ही मुलगी तुमची का?"

टेबलावरून गुलाब आईकडे पाहत होती. खेळात आता काय म्हणायचे असते, हे तिलाही ऐकायचे होते.

"नाही जी," चंद्रकांता म्हणाली.

"गैरसमज दूर झाला," साहेब माईकवर म्हणाले. "तर दुसरे दोन."

जनाबाई खाली बसली. "डोळे गेले माहे," ती म्हणाली, आणि त्याच डोळ्यांनी चंद्रकांताकडे बराच वेळ पाहत राहिली.

बाजार उठायच्या आत साहेबांनी घनश्यामला बाजूला घेऊन सही झाल्याचे सांगितले. परतताना जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून गुलाबला मूळ कुटुंबाकडे सोपवण्यात आले. शेवटच्या एसटीत गर्दी होती. भोजू कायम झालेल्या घनश्यामच्या मांडीवर बसून पेढा खात होता, कुमुद खिडकीशी, आणि गुलाब कित्येक दिवसांनी आईच्या मांडीवर. चंद्रकांताने तिच्या पाठीवर हात ठेवला, बरोबर तिळाच्या जागी. पोरगी झोपली असेल असे तिला वाटले.

गुलाब झोपली नव्हती. ती बोटे उघडत आणि मिटत होती.

"आई," ती म्हणाली. आजूबाजूच्या बाकांवरची माणसे, आपापली पोरे सावरत, या छान फ्रॉकवालीकडे कौतुकाने पाहू लागली. "कुमुदताई एक. मी दोन. भोजू तीन."

"हो बाई."

"मंग तिसरा त भोजू होये. मले काहून देलं?"