म्हशीपुढे अर्ज

एका आठवड्यात नवऱ्यानं म्हशीच्या शिंगांना तिसऱ्यांदा तेल लावलं, तेव्हा कालिंदीच्या मनात पाल चुकचुकली.

म्हैस तिची होती. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी कुरुंद्याहून खास तिच्यासाठी पाठवलेली. नवरा राधाकृष्ण हिंगोलीच्या कचेरीत कारकून. धोतराला शेण लागेल म्हणून गोठ्याच्या दारातूनच मागं फिरणारा माणूस. तो आता कचेरीतून आला की चहासुद्धा न घेता तडक गोठ्यात जाई आणि दार आतून लावून घेई.

"काहून तेल लावून राहिले तिच्या शिंगाला?" तिनं विचारलं.

"उन्हानं तडकतात."

म्हैस दिवसभर सावलीला बांधलेली असे. कालिंदीनं तेलाच्या बाटलीवर कोळशानं एक रेघ ओढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं गोठ्याच्या फटीला डोळा लावला. राधाकृष्ण एका हातानं शिंग चोळत होता. मान लववून, म्हशीच्या डोळ्यात डोळे घालून तो म्हणाला, "हुजूर, इजाजत हो तो अर्ज करूँ?"

म्हैस रवंथ करत राहिली. त्यानं श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

कालिंदीनं शेजारच्या गंगूताईला गाठलं. गंगूताईला अशा गोष्टींचा उलगडा करायला वेळ लागत नसे.

"नवा तहसीलदार येऊन किती दिस झाले?"

"महिना."

"मंग? कचेरीतल्या व्यंकटरावाची गाय काय आपल्या पायानं गेली होती का जुन्या साहेबाच्या बंगल्यावर? पहिले तेल लावलं, मंग झूल घातली, मंग गाय गेली. नजराणा म्हंत्यात त्याला. तुझी म्हैस आता तेलापर्यंत आली, बाई."

"पण हे म्हशीशी उर्दू काहून बोलून राहिले?"

"साहेबाच्या दारी जायचंय तिला. सवय नको? नजराणा शुक्रवारीच जातो, ध्यानात ठेव."

कालिंदीला ते पटलं. कचेरीचं सारं काम उर्दूत चाले, आणि नवा साहेब तर हैदराबादेहून आलेला. मराठी त्याच्या कानावरूनही गेली नव्हती. रडायचं झालं तरी त्याच्यापुढे उर्दूतच रडावं लागणार होतं. ती परसातली भिंत ओलांडून हलीमाकडे गेली. हलीमाचा नवरा खाजा मिया पुसेगावपासून वाशीमपर्यंत बाजारोबाजार बांगड्या विकी. तो चार भाषा बोले आणि चारही अर्ध्याच, पण त्याचं अडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"मला उर्दू शिकव," कालिंदी म्हणाली. "साहेबासमोर बोलता आली पाहिजे. शुक्रवारच्या आत."

"आज तो मंगळवार है," हलीमा म्हणाली. "बरं, आमच्या मियाचा कायदा ऐक. पहिलं वाक्य पाठ कर, पक्कं. बाकीचे आपसे आप येते. अटकली तर थांबू नको. उर्दू नाही सुचलं तर मराठी घाल, पर थांबू नक्को. आणि लाजू नको. चूक झाली म्हणून कोणी फासावर देत नाही."

दोन दिवस कालिंदीनं भाकरी थापताना पहिलं वाक्य घोकलं. गुरुवारी दुपारी तिनं म्हैस सोडली आणि हलीमाच्या परसात नेऊन बांधली.

संध्याकाळी राधाकृष्ण गोठ्यातून रिकाम्या हातानं परतला. चेहरा उतरलेला.

"म्हैस कुठाय?"

"का? लागते का तुमाला?"

"आज लागली असती," तो म्हणाला. "उद्या साहेबापुढं जायचंय."

म्हणजे गंगूताई बोलली ते सोळा आणे खरं होतं. कालिंदी रात्रभर कूस बदलत राहिली. राधाकृष्णही.

शुक्रवारी हलीमाला बरोबर घेऊन ती कचेरीत पोचली, तेव्हा राधाकृष्ण साहेबाच्या मेजासमोर हातात कागद घेऊन उभा होता. तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. चपराशी अडवायच्या आत कालिंदी पुढं गेली.

"साब, भैंस मेरे बाप के घर की है," तिनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. पुढचं खरोखरच आपोआप आलं. "ये आदमी उसको तेल लगाया, तुमको देने के वास्ते. मैं सब फटी में से देखी. मर जाऊँगी, पण दावं नहीं सोडूँगी."

साहेबानं चष्मा काढला.

"कैसी भैंस?" त्यानं राधाकृष्णाला विचारलं. "मेरे नाम पर कौन नजराना माँग रहा है?"

नोकरी जाणार हे राधाकृष्णाला दिसलं आणि त्याची जीभ सुटली. हुजूर, ती भैंस नजराना नाही, ती माझी उस्ताद आहे, असं त्यानं उर्दूत सांगितलं. लिहिता येतं, पण साहेबासमोर बोलायचं म्हटलं की घशाला कुलूप लागतं. मिसल, म्हणजे खटल्याचे कागद, वाचून दाखवायचं काम आज जमलं नाही, तर ते साहेबापुढं मांडणाऱ्या पेशकाराची जागा दुसऱ्याला जाणार. खाजा मियानं सांगितलं, आधी अशापुढं बोला जो हसत नाही. घरात तशी एकटी म्हैसच. डोळ्यात पाहून बोला. हात थरथरतात, तर हाताला काम द्या. म्हणून तेल.

एवढं तो एका दमात बोलला. मग आपण साहेबासमोर उर्दूत बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

"पेशकारी तुम्हारी," साहेब म्हणाला. त्यानं बाकीच्यांना बाहेर घालवलं, दार लोटलं आणि आवाज उतरवला. सोमवारी त्याला स्वतःला साखऱ्याला दौऱ्यावर जायचं होतं. शेतकऱ्यांची गाऱ्हाणी मराठीतच ऐकायची, मराठीतच विचारायचं, असा वरून हुकूम होता. "घर में मराठी बोलता हूँ तो बेगम हँसती है. आज शाम को... भैंस को फुरसत होगी?"

संध्याकाळी म्हैस परत गोठ्यात आली. साहेब शेरवानी सावरत तिच्यासमोर उभा राहिला. राधाकृष्ण तेलाची वाटी धरून बाजूला, आणि दारात कालिंदी, हाताला दाव्याचे दोन वेढे देऊन.

"आता तरी सोड," राधाकृष्ण कुजबुजला. "साहेब शिकायला आलेत."

"शिकू द्या की. मी कुठं आडवी आले?"

साहेब अडखळत होता. "तुमी... काय... तकलीफ?" म्हशीनं कान हलवला. साहेबाला धीर आला. त्यानं शिंगावरून हात फिरवला, तिला पायापासून पाठीपर्यंत न्याहाळलं आणि एकही शब्द न अडखळता म्हणाला, "ही म्हैस फार चांगली आहे."

"वा, हुजूर," राधाकृष्ण म्हणाला.

कालिंदीनं दाव्याचा तिसरा वेढा घेतला.